गयाचा कापूस

नानांच्या जखमेवरचा कापूस मी काढला होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय; तोंडानं तर कधीच बोललो नाही. बायकोला ठाऊक नाही. आई गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या ज्या ड्रेसिंग रूममध्ये माझी निम्म्याहून जास्त हयात गेली, तिथल्या कुणाला नाही. गयाबाईनं ते एकदा चार माणसांत, माझ्या तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा मी नाही म्हणालो, आणि लोकांनी माझं खरं धरलं. इतकीच गोष्ट आहे. पण ती नीट सांगायची तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल, कारण जी चूक मी केली ती आमच्या घरात वाढलेला मुलगाच करू शकला असता.

आमचं घर शहरात, गारखेड्याला, दोन खोल्यांचं. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टला जायचे आणि आई घरी गॉजच्या घड्या घालायची. गॉज म्हणजे जखमेवर लावतात ते पांढरं, जाळीदार सुती कापड. त्याची थानं आमच्याकडे यायची. आई ती कापायची, तुकड्यांच्या घड्या घालायची, गठ्ठे बांधायची; पुढे ते कुठंतरी वाफेवर शिजून, पाकिटांत बंद होऊन दवाखान्यांत जायचे. घडीची एक रीत होती. कापलेली कड बाहेर दिसता कामा नये, चारही कडा आत गेल्या पाहिजेत. आई तिला पोटघडी म्हणायची. कड बाहेर राहिली की सुटा दोरा जखमेत राहतो, आणि आईच्या शब्दांत, "दोरा आत राहिला की माणूस बरा होऊनबी बरा होत नाय." आमच्या घराचा आवाज म्हणजे तिच्या मोठ्या कात्रीचा आवाज. कापड कापताना ती कचकच करत नसे, एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज यायचा, मग घडीवर तळहात फिरल्याचा, मग पुन्हा कात्री. मी त्या आवाजात अभ्यास केला, त्या आवाजात आजारी पडलो. वास ब्लीचिंगचा. पावसाळी हवेत तो भिंतींनाही यायचा.

आणि तेलाची बंदी. थान उघडं असेपर्यंत घरात फोडणी व्हायची नाही. तेलाचा एक शिंतोडा पडला, बोटाला लागलेलं तेल घडीला लागलं, तरी तेवढ्या जागी कापड पाणी धरत नाही. त्यामुळं आमची दुपारची जेवणं कायम कोरडी: ज्वारीची भाकरी, दही, कांदा, कारळाची चटणी. आई केसांना तेल लावायची नाही. सुट्टीच्या दिवशी लावलं तर दोन दिवस डोक्याला फडकं बांधून बसायची. शेजारणी हसायच्या. थानं आवरून झाकली गेली की संध्याकाळी आमटीला फोडणी बसायची, आणि त्या चर्र आवाजावर आम्ही ओळखायचो की आजचं काम संपलं. अजूनही मला दुपारच्या जेवणात तेलकट भाजी जड जाते. बायको म्हणते, पोटाची तक्रार आहे. असेल.

माल घ्यायला शेखभाई यायचे. मोपेडवरून, मागं गठ्ठा बांधून. ते माल असाच नेत नसत. दारात उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "भाभी, जरा कटोरे में पानी लाओ. तुम्हारे कपडे को तैरना आता क्या, देखते." आई वाडगं आणून ठेवायची. शेखभाई गठ्ठ्याच्या मधून एखादी घडी उपसायचे, पाण्यावर अलगद सोडायचे आणि मनात मोजायचे. चांगलं गॉज पाण्याला टेकताच पाणी ओढून घेतं आणि चार-पाच श्वासांत बुडतं. तेल लागलेलं, नीट न धुतलेलं वर तरंगत राहतं. "पोहायला नाय शिकवलं त्याला शेखभाई," आई म्हणायची, "बुडायलाच शिकवलंय." एकदा त्यांनी खिशातून मूठभर कच्चा कापूस काढला, बोंडातून वेचलेला, सरकीसकट. तो वाडग्यात टाकला. तो बोटानं दाबला तरी खाली जाईना, बदकासारखा वर यायचा. "देखो बाबू," ते मला म्हणाले, "ये अब्बी जंगली है. इसके बदन पे मोम है. इसको नहाना-धोना सिखाना पडता, तब जाके दवाखाने के काम का होता." मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. शेखभाईंनी शिकवलेलं मी कधी विसरलो नाही. बुडतो तो कामाचा, तरंगतो तो बिनकामाचा. आमच्या घरातलं हे एवढंच शास्त्र, पण ते मला पाढ्यासारखं पाठ होतं.

बारावीला मला जेमतेम मार्क पडले. काय करावं ते ठरेना, तेव्हा वडिलांच्या ओळखीतल्या कुणीतरी सुचवलं म्हणून छावणीत प्रथमोपचाराच्या एका छोट्या वर्गाला जाऊ लागलो. शिकवणारे गृहस्थ लष्करात ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारे, होते, निवृत्त झालेले. फार बोलत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: दाबा, उचलून बघू नका, भिजलं तर वरून आणखी लावा, खालचं काढू नका. हे मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. ती वही माझ्याकडे अजून आहे. पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय त्या वहीनं ठेवलेली नाही. वर्ग संपल्यावर मला एक प्रमाणपत्र मिळालं, आणि आईनं बाजारातून लाल फुलीची एक पत्र्याची पेटी आणून दिली. तिच्यात तिनं स्वतःच्या हातच्या पोटघड्या भरल्या. शेखभाईंनी शिजवून आणलेली चार पाकिटंही दिली. ती पेटी घेऊन मी दिवाळीनंतर आमच्या गावी, देवगाव रंगारीला गेलो, नानांकडे.

नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शेती तेच बघायचे. उंच, सावळे, बोलायला मोकळे. जेवायला बसले की कांदा पाटावर ठेवून एका बुक्कीत फोडायचे आणि निम्मा न विचारता माझ्या ताटात टाकायचे. काकू येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी करायची, भाजलेल्या वांग्याचं भरीत, बाजरीच्या भाकरी. गारखेड्यातल्या कोरड्या दुपारींनंतर तिथलं जेवण मला सणासारखं वाटायचं. कापूसवेचणीचे दिवस होते. आमच्या रानात वेचायला बायका यायच्या, त्यांत गयाबाई असायची. बौद्धवस्तीतली, तेव्हा चाळिशीच्या आसपासची, बारीक चणीची. गावात कुणाला विळा लागला, कुणाचं बाळंतपण अडलं की तिला हाक जायची. मी इथं गयाबाई लिहितोय. तेव्हा आमच्या घरात तिला नुसतं गया म्हणत, मीही म्हणत होतो, आणि ती वयानं माझ्या आईएवढी होती.

पेटी बघून ती म्हणाली, "आला का शहरातला डागदर. पेटीत काय हाय, बिस्किटं?"

"औषधपाणी आहे," मी म्हणालो.

"मंग जपून. हितं कुणी आजारी पडंना झालं तर गंजून जाईल ती." बाकीच्या बायका हसल्या. मला ते लागलं. लागायला नको होतं, पण लागलं, आणि पुढच्या गोष्टीत त्या लागण्याचा वाटा किती ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी नाना कडबाकुट्टीवर चारा कापत होते. मी घरी ओट्यावर बसलो होतो. रानातून एक बाई धावत आली, म्हणाली, नानाचा हात मशिनीत आला. मी पेटी उचलली. रान लांब नव्हतं, पण पोचायला पाव तास लागला असेल.

नाना लिंबाच्या खोडाला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा. त्यांच्यासमोर गयाबाई गुडघ्यांवर, आणि नानांचा उजवा हात तिनं आपल्या खांद्यावर उंच घेतलेला. मनगटाच्या वर तिनं दोन्ही हातांनी गच्च आवळून धरलं होतं. तिच्या बोटांमधून कापूस बाहेर आला होता. कमरेच्या झोळीत वेचलेला, सरकीसकट, काड्यापानांसकट. आतला काळपट लाल, बाहेरचा पांढराच. मातीत रक्ताची मोठी ओल होती, पण ती सुकायला लागलेली. थेंब पडत नव्हता. हे मला त्या वेळीच दिसलं होतं. आता आठवून आठवून लिहितोय असं नाही.

"हे काय लावलंय?" मी विचारलं.

"कापूस. दुसरं काय हाय हितं?"

"कच्चा आहे हा. हा पाणीसुद्धा पीत नाही, रक्त काय पिणार?"

"त्याला प्यायचं कशाला हाय, बाबू? धरायचं हाय. धरलंय त्यानं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, तिची नजर नानांच्या तोंडाकडे होती. "तू जीपचं बघ. पळ."

मी जीपचं बघायला गेलो असतो तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. मी पेटी उघडली. आतल्या घड्या पांढऱ्याशुभ्र होत्या, आणि तिच्या हातात तो मळका, काडीकचऱ्याचा गोळा. वहीतला नियम मला आठवत होता: खालचं काढू नका. पण मला वाटलं, तो नियम गॉजबद्दल आहे, धुतलेल्या कापडाबद्दल. जे पाण्यावर तरंगतं त्याला तो कसा लागू होईल? ते तर लावल्यात जमाच नाही. इतकं सरळ वाटलं मला ते.

"हे काढावं लागेल," मी म्हणालो. "घाण आहे ही, विष चढेल. मी स्वच्छ लावतो."

"थांबलंय, इलास. थांबलेलं उकलू नये. दवाखान्यात काढतील ते."

नानांनी डोळे उघडले. "काढू दे गया," ते म्हणाले. "पोरगं शिकून आलंय."

गयाबाई म्हणाली, "म्या माझा हात काढते. कापूस तू काढ. म्या काढनार न्हाई." आणि तिनं एकेक बोट सोडलं.

तिनं हात काढल्यावरही रक्त आलं नाही. कापूस आपला आपण तिथं बसून राहिला होता, जखमेचाच भाग झाल्यासारखा. मी तो चिमटीत धरला. निघेना. मग मी ओढला. तो एकदम निघाला आणि त्याच्यासोबत खालून थरथरता काळालाल थर निघाला, सायीसारखा. त्याच्यामागं रक्त आलं, ठोक्यांबरोबर, वाहत नव्हे तर उसळत. मी गॉज ठेवलं. आमच्या वाडग्यात बुडायचं तसंच ते बुडालं, चार श्वासांत. मी ते काढून दुसरं ठेवलं. तेही बुडालं. आईच्या घड्या, शेखभाईंची पाकिटं, सगळं मी एकामागून एक लावत आणि काढत गेलो. दाबून धरायला थांबलोच नाही; प्रत्येक वेळी उचलून बघत होतो. गयाबाईनं पुन्हा झोळीतला कापूस कोंबला, पण आता रक्ताचा जोर इतका होता की तो टिकेना. शेवटी मी कोपराच्या वर दोरी बांधली, तिच्यात काडी घालून पिळली, रक्त थांबेपर्यंत पिळत राहिलो. दोरी बांधल्याची वेळ लिहून ठेवायची असते. मी लिहिली नाही.

ट्रॅक्टरनं रस्त्यापर्यंत, मग काळीपिवळी जीप. वाटेत टायर बसलं. जीपमध्ये नानांचा हात गयाबाईनंच धरला होता, काकू पलीकडे पदर तोंडाला लावून बसलेली. शहरात दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती, आणि सकाळी पिळलेली दोरी तशीच होती.

डॉक्टर तरुण होते. आत बघून बाहेर आले आणि म्हणाले, "जखमेत सरकीचे तुकडे आहेत. कच्चा कापूस कुणी भरला?" रागावलेले नव्हते, विचारायचं म्हणून विचारत होते. व्हरांड्यात काकू होती, वडील फॅक्टरीतून परस्पर आले होते, गावचे दोघं होते.

"म्या भरला," गयाबाई म्हणाली. "थांबलं व्हतं साहेब. पुरं थांबलं व्हतं. ह्या इलासला इचारा, त्यानं काढला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. वडिलांनीही. माझ्या हातात ती पत्र्याची पेटी होती, रिकामी.

"मी गेलो तेव्हा चालूच होतं," मी म्हणालो. "म्हणून काढावा लागला."

मला वाटलं गयाबाई भांडेल. मी तयारही झालो होतो, तिनं आणखी काही म्हटलं तर आणखी काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. ती फक्त म्हणाली, "बरं." लुगड्याला हात पुसले, ते पुसले जाणार नव्हते, आणि जिन्यानं खाली गेली. बसस्टँड कुठल्या बाजूला आहे ते तिला ठाऊक होतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी नानांचा हात कोपराच्या खाली काढावा लागला. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन कारणं सांगितली: शीर तुटलेली, फार वेळ रक्त बंद राहिलेलं, त्यात घाण गेलेली. वडिलांनी घरी येऊन त्यातलं शेवटचं सांगितलं, कारण त्यांना तेच समजलं होतं. काकूनं ते गावात नेलं. तिच्या मनात खोट नव्हती. नवऱ्याचा हात का गेला याचं तिला एक कारण हवं होतं आणि ते मिळालं. गयाच्या कापसानं हात सडला. गावाला ते खरं मानायला वेळ लागला नाही. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, आडनाव होतं. तिच्याकडे झोळी होती. आमच्या भागात याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या वेचणीला तिला आमच्या रानात बोलावलं नाही. विळा लागलेली माणसंही तिच्याकडे जायची थांबली. बाळंतपणाला एक-दोघींनी बोलावलं, मग त्यांनीही नाही. आणि गावात एक बोलणं पडलं. कुणी उपाय करायला जाऊन नासाडी केली की म्हणायचं, "केला का गयाचा कापूस." इंजिन दुरुस्त करताना बिघडलं, गयाचा कापूस. सोयरीक जमवता जमवता मोडली, गयाचा कापूस. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पारावर बसलो होतो. सगळे हसले, आणि मीही हसलो.

नानांनी मला एकदाच विचारलं. वर्षभरानं मी गेलो होतो, दोघंच जेवायला बसलो होतो. काकू त्यांना भाकरी मोडून देऊन चुलीकडे गेली होती. कांदा आता चिरून यायचा. नाना डाव्या हातानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत होते, तो हात अजून सरावला नव्हता. मान वर न करता म्हणाले, "इलास, त्या दिवशी थांबलं होतं का रं?"

मी म्हणालो, "नाही नाना."

"मला वाटलं थांबलं होतं," ते म्हणाले. "डोकं गरगरत होतं म्हणा माझं." आणि जेवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी काकूला आमटी मागितली, मला वाढायला सांगितलं. त्यानंतर पंचवीसेक वर्षं ते जगले आणि पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. माझ्या लग्नात त्यांनी डाव्या हातानं अक्षता टाकल्या. त्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं. पोरगं शिकून आलंय, हे त्यांचंच वाक्य होतं. ते त्यांनी मोडू दिलं नाही.

मी ड्रेसर झालो. नानांच्या हातामुळं पोरगं या कामाला लागलं, असं घरात कौतुकानं म्हणत. खरंच होतं, फक्त त्यांना वाटत होतं तसं नव्हतं. या कामात मी जे शिकलो त्यातलं बरंचसं गयाबाईनं त्या झाडाखाली तीन वाक्यांत सांगितलं होतं. रक्त अंगाबाहेर आलं आणि परक्या वस्तूला टेकलं की गोठण्याची तयारी करतं. त्यातले बारीक कण एकमेकांना चिकटतात, मग धाग्यांची एक जाळी विणली जाते आणि तिच्यात बाकीचं अडकतं. कापसाचा तंतू त्या जाळीला आधार देतो, मांडवाला वेल लागावा तसा. धुतलेलं गॉज रक्तातलं पाणी ओढून घेतं, मागं उरतं ते दाट होतं आणि लवकर धरतं. पण नुसत्या पिण्यानं काही होत नाही; वरून दाबणारा हात हवा, आणि त्या हाताला न उचलण्याचा धीर हवा. सुकलेलं ड्रेसिंग ओढलं की जाळी निघून येते, म्हणून आम्ही सलाइननं भिजवून, वाट बघून काढतो. आता समुद्रातल्या शेवाळापासून केलेल्या पट्ट्याही येतात. त्या जखमेवर लिबलिबीत होतात, काढताना ओढत नाहीत, आणि रक्त धरायलाही मदत करतात. महाग आहेत, जपून वापरतो.

कच्च्या कापसाचं मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे एक शिकाऊ डॉक्टर होती, ती सहज बोलताना म्हणाली की न धुतलेल्या कापसाच्या अंगावर जे मेण आणि जो चिकट अंश असतो, त्यानं रक्त उलट लवकर गोठतं, असं आता लोक तपासून बघतायत. आपण तो अंश धुऊन टाकतो आणि मग म्हणतो कापूस स्वच्छ झाला. मी एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी भिजवत होतो. मी म्हणालो, "हो का." ती म्हणाली, "अर्थात रानातला तसाच लावायचा नाही हं, जंतू असतात." हेही खरं आहे. रानातला कापूस जखमेत भरावा असं मी कुणाला सांगणार नाही. दवाखान्यात तो धुऊन काढावाच लागला असता. पण तो दवाखान्यात निघायला हवा होता, सगळी तयारी ठेवून. लिंबाखाली नव्हे.

मनाशी मी एक वाक्य बरीच वर्षं वापरलं: शीर तुटली होती, हात तसाही गेला असता. गेलाही असता कदाचित. हाताबद्दल ते वाक्य चालतं. व्हरांड्यात मी जे बोललो त्याबद्दल ते चालत नाही, कारण तिथं कुठलीही शीर तुटलेली नव्हती, कुठलीही घाई नव्हती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मागच्या वर्षी गावी गेलो होतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "दे हिकडं, गयाचा कापूस करून ठेवला साऱ्याचा." मी त्याला विचारलं, गया कोण? म्हणाला, "काय म्हायती. म्हनतेत तसं." त्या दुकानापासून गयाबाईचं घर हाकेच्या अंतरावर आहे. ती अजून आहे. ऐंशीच्या पुढं गेलीय, दारात बसते, कान शाबूत आहेत. मी जाताना ती म्हणाली, "इलास का? बरा हायेस?" मी म्हणालो, बरा आहे. थांबलो नाही.

माफीनं हे भागणार नाही. माफी मी एकट्यानं जाऊन मागेन आणि हलका होऊन परत येईन, आणि गावात तिचं नाव तसंच वापरलं जाईल. मी तिचं देणं लागतो ते एवढं: पारावर, नानांच्या मुलांसमोर, ती बसलेली असताना, मोठ्यानं सांगायचं की रक्त थांबलं होतं, मी बघितलं होतं, तरी मी काढला आणि विचारल्यावर खोटं बोललो. ती जिवंत आहे तोवर हे लिहून फिटत नाही. मी अजून गेलेलो नाही.